कॅट काढून नेमके किती घोडे मिळतात?

कोल्हापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. २०२१ ची फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), मॅन्युअल, अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर झालेली. एका ट्यूनरने ‘स्टेज टू’ सुचवलंय, म्हणजे रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधला मॅप, म्हणजे सेटिंग्ज बदलणं) आणि सोबत अडीच इंची डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप), आणि त्याच्या आत कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नाही. तीस-पस्तीस घोडे (हॉर्सपॉवर) वाढतील, चेक लाइट येणार नाही आणि पीयूसीचं मी बघून घेतो, असं त्याचं म्हणणं. कॅट काढावा का, आणि काढायचा नसेल तर पॉवर कशी वाढवावी, हे तुम्हाला हवंय.

काढू नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण एके काळी मी स्वतः बऱ्याच गाड्यांचे कॅट काढून दिलेत आणि त्यातून जे कळलं ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

आधी त्या तीस-पस्तीस घोड्यांचा हिशेब मांडू. तुमची गाडी चाकणच्या कारखान्यातून ११० पीएस (म्हणजे घोडे) आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क घेऊन बाहेर पडली. रीमॅप करणारा त्यात काय करतो? बूस्ट, म्हणजे टर्बोने आत भरलेल्या हवेचा दाब, वाढवतो, जमेल तिथे इग्निशनचं टायमिंग पुढे घेतो, टॉर्कवर कंपनीने घातलेल्या मर्यादा सैल करतो. पॉवर म्हणजे शेवटी हवा. आमच्याकडे एक ढोबळ हिशेब आहे: इंजिनातून मिनिटाला एक पाउंड हवा गेली की दहाएक घोडे निघतात. म्हणजे तुमच्या ११० घोड्यांना मिनिटाला पाच किलो हवा लागते, आणि १४० करायचे तर सव्वासहा-साडेसहा किलो. ही जादा सव्वा-दीड किलो हवा आत कोंबतो टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारा पंप, आणि किती कोंबायची हे टर्बोला सांगतो मॅप. या सगळ्यात कॅटचा संबंध एवढाच की जळून बाहेर पडलेला वायू तो किती अडवतो.

तो अडवतो, यात शंका नाही. टर्बो गाडीत हा अडथळा साध्या गाडीपेक्षा जास्त जाणवतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टर्बोचं टर्बाइन फिरतं ते आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गुणोत्तरावर. समजा टर्बाइनच्या आधी २.२ बार दाब आहे आणि नंतर १.२ बार. गुणोत्तर झालं १.८३. आता डाउनपाइप मोकळा करून नंतरचा दाब १.१ वर आणला, तर तेवढंच काम करून घ्यायला आधीचा दाब २.०२ पुरतो. मागे ०.१ बारचा अडथळा कमी केला की पुढे सिलिंडरवरचा भार जवळजवळ ०.१८ बारने हलका होतो. म्हणून टर्बो गाडीत डाउनपाइप बदलल्याचा फरक खरोखर पडतो, बूस्ट लवकर येतो. साध्या बाराशे सीसी गाडीत, स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटीत, कॅट काढून एक-दोन घोडे हाती लागले तरी खूप, आणि तेवढा फरक तर सकाळच्या आणि दुपारच्या हवेतही पडतो.

पण ‘डाउनपाइप बदलल्याचा फरक’ आणि ‘कॅट काढल्याचा फरक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळी गडबड इथेच होते. कंपनीचा डाउनपाइप बोनेटखाली जागा नाही म्हणून दोन-तीन ठिकाणी दुमडलेला, चेपलेला असतो. पाइपच्या अशा बाकातून वायू खळाळत जातो, आणि प्रवाह दुप्पट झाला की तिथला अडथळा चौपट होतो. कॅटच्या जाळीत उलटं आहे. तिथली भोकं इतकी बारीक असतात की वायू संथ, थराथराने वाहतो, आणि प्रवाह दुप्पट झाला तर जाळीचा अडथळा साधारण दुप्पटच होतो. म्हणजे पॉवर जसजशी वाढवत न्याल तसतसा कॅटपेक्षा पाइपचा बाक जास्त नडू लागतो. कॅटलेस डाउनपाइपने जो फायदा दिसतो त्यातला मोठा भाग रुंद आणि सरळ पाइपचा असतो, आणि श्रेय मात्र जाळी गेल्याला मिळतं.

हे ग्राहकाला कधी कळत नाही, कारण मॅप आणि पाइप दोन्ही एकाच दिवशी, एकाच बिलात होतात. डायनोचे, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्राचे, दोन कागद हातात मिळतात, आधीचा आणि नंतरचा, आणि मधलं कुठे काय झालं ते त्यात नसतं. तुमच्या ट्यूनरला एवढंच सांगा: आधी ओरिजिनल पाइपवर मॅप टाका आणि रन घ्या. मग पाइप बदला आणि पुन्हा रन घ्या. जमल्यास तिसरा रन त्याच मापाच्या, पण चांगला हाय-फ्लो (वायू कमी अडवणारा) कॅट असलेल्या पाइपवर. मी हे ज्या ज्या टर्बो हॅचबॅकवर केलंय, तिथे वाढलेल्या पॉवरचा बहुतेक हिस्सा पहिल्याच पायरीत, म्हणजे ओरिजिनल कॅटवर नुसत्या मॅपने आलाय. चांगला हाय-फ्लो कॅट आणि रिकामा पाइप यांच्यात तर दोन-तीन घोड्यांचाच फरक राहतो. एकच गाडी, काहीही न बदलता, डायनोवर लागोपाठ दोनदा पळवली तरी आकडा तेवढा हलतो.

आणि हे दोन-तीन घोडे असतात कुठे? रेडलाइनच्या, म्हणजे इंजिनच्या कमाल फेऱ्यांच्या जवळ, साडेपाच हजार आरपीएमच्या वर. गगनबावड्याचा घाट चढताना, किंवा साताऱ्याच्या अलीकडे ट्रकला ओव्हरटेक करताना तुम्हाला हवा असतो तो दोन हजार ते साडेचार हजारांमधला टॉर्क. तिथे वायूचा प्रवाहच कमी असतो, त्यामुळे कॅटचा अडथळाही नगण्य असतो.

आता तुम्ही काय गमावणार ते बघा. माझ्या टेबलावर एक कापलेला कॅट ठेवलाय, येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात देतो. बाहेरून स्टीलचं डबडं, आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट. कंपनीच्या कॅटमध्ये एका चौरस इंचात ४०० किंवा ६०० भोकं असतात. ४०० म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या, एका चौरस सेंटीमीटरच्या जागेत ६२. भिंती कागदासारख्या पातळ, मिलिमीटरचा दहावा भाग. त्या भिंतींवर खडबडीत लेप असतो आणि लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचे कण. सगळे मिळून काही ग्रॅमच, पण कॅटची किंमत त्यांचीच. मारुती इको गाड्यांच्या सायलेन्सरच्या चोऱ्या महाराष्ट्रात का व्हायच्या, याचं उत्तर या काही ग्रॅममध्ये आहे.

या जाळीतून वायू जातो तो डोळ्याची पापणी लवायच्या आत. तेवढ्यात कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं पेट्रोल जळतं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन सुटून साधा नायट्रोजन उरतो. गरम, निरोगी कॅट या तिन्ही विषांतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग तिथल्या तिथे संपवतो. याचा उलटा अर्थ नीट बघा. नव्वद टक्के धरले तरी कॅट काढलेली एक गाडी कॅट असलेल्या तशाच दहा गाड्यांएवढं विष सोडते, आणि पंच्याण्णव धरले तर वीस गाड्यांएवढं. ‘माझ्या एका गाडीने काय होतंय’ असं जे म्हणतात, त्यांची गाडी एक राहिलेलीच नसते.

कॅटला काम करायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे उष्णता. अडीचशे-तीनशे अंशांच्या खाली तो जवळजवळ झोपलेला असतो, म्हणून कंपनी त्याला टर्बोला चिकटवून बसवते. तुमच्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे, टर्बो थेट हेडवर आणि कॅट लगेच टर्बोच्या तोंडाशी. सकाळी स्टार्टर मारल्यावर त्याला तापायला फार वेळ लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मिश्रण. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, म्हणजे लॅम्डा १ (लागते तेवढीच हवा), आणि तेही काटेकोर. थोडं लीन (हवा जास्त) झालं की नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात, थोडं रिच (पेट्रोल जास्त) झालं की कार्बन मोनॉक्साइड. (जाता जाता एक सांगतो: ट्यूनर तुमच्याशी १४.७, १२.५ अशा आकड्यांत बोलत असेल तर त्याला लॅम्डात बोलायला सांगा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्याचं बरोबर मिश्रण साडेतेराच्या आसपास येतं. १४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा, लॅम्डा १ मात्र कुठल्याही पेट्रोलला तोच.)

कोणी म्हणेल, फुल थ्रॉटलला तर गाडी रिच चालते, तेव्हा कॅट कुठे काम करतो? बरोबर आहे. टर्बो आणि व्हॉल्व्ह थंड ठेवायला मॅप लॅम्डा ०.८५ पर्यंत खाली जातो तेव्हा कॅटला ऑक्सिजनच मिळत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइड बराचसा तसाच बाहेर पडतो. पण तुम्ही दिवसातून किती मिनिटं फुल थ्रॉटलवर असता? उरलेला सगळा वेळ, सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, हायवेला ऐंशीने जाताना, गाडी लॅम्डा १ वर असते आणि कॅट पूर्ण काम करत असतो. सगळ्यांच्या नाकासमोर गाडी उभी असते तीही नेमकी याच वेळी. दसरा चौकात सिग्नलला गाडीच्या मागे स्कूटर थांबते आणि स्कूटरच्या पुढच्या फळीवर एक पोर उभं असतं. एक्झॉस्टचं तोंड जमिनीपासून फूटभर उंच, आणि पोराचं नाक त्यापासून फार लांब नाही.

मी या धंद्यात आलो १९९७ साली, मुंबईत परळच्या एका गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून. त्याच्या दोनच वर्षं आधी, एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला होता आणि त्याबरोबर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. शिसं कॅटच्या लेपावर बसतं आणि त्याला कायमचं मारून टाकतं. गाडी मुंबईबाहेर गेली की लोक मिळेल ते पेट्रोल भरायचे, आणि दोन महिन्यांनी गाडी दम लागल्यासारखी चालते म्हणून आमच्याकडे यायची. उस्ताद पाइप उतरवायचा, लोखंडी सळई आत घालायचा आणि वीट फोडून काढायचा. तुकडे पत्र्याच्या डब्यात, डबडं पुन्हा जागेवर. गाडी पळायची, मालक खूश. शिशाचं पेट्रोल देशभरात बंद झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. पण तोवर ‘कॅट काढला की गाडी मोकळी होते’ ही समजूत प्रत्येक गॅरेजमध्ये मुरली होती. ती आली होती चोंदलेल्या, मेलेल्या कॅटवरून, आणि तिने निरोगी कॅटचेही बळी घेतले. आजही घेते.

मी स्वतः तेच करत होतो, पुण्यात स्वतःचं गॅरेज टाकल्यावरही. थांबलो ते जानेवारीतल्या एका सकाळमुळे. कॅट काढलेली एक टर्बो गाडी आयडलला नीट लागत नव्हती. थंडी होती म्हणून शटर अर्धं ओढलेलं, गाडी चालू, मी लॅपटॉप घेऊन आत बसलेलो आणि आमचा हेल्पर मागे गॅस अॅनालायझरचा प्रोब धरून उभा. मीटरवर कार्बन मोनॉक्साइड एक टक्क्याच्या वर दिसत होता. तो आकडा मी बघत होतो, वहीत लिहीतही होतो. वीसेक मिनिटांनी तो पोरगा म्हणाला, “दादा, डोकं लय जड झालंय,” आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. मग त्याला उलटी झाली. त्याला डॉक्टरकडे नेलं, संध्याकाळपर्यंत बरा झाला. पण एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम (दहा लाखांत दहा हजार भाग) हे मला पाठ होतं आणि तरी मी शटर वर केलं नव्हतं. या वायूला वास नसतो, रंग नसतो. कॅट असलेल्या गरम गाडीत तोच आकडा मीटरवर शून्याला टेकलेला असतो. चालू गाडी बंद जागेत ठेवायचीच नसते, कॅट असो वा नसो. तरी त्या दिवशी त्या डबड्यातली जाळी जागेवर असती तर तो पोरगा उलटी करत पायरीवर बसला नसता. तेव्हापासून रस्त्यावर चालणाऱ्या एकाही गाडीचा कॅट मी काढलेला नाही. काही गिऱ्हाइकं गेली, ती जाऊ देत.

तुमचा ट्यूनर म्हणतो चेक लाइट येणार नाही. त्याचं तेवढं खरं आहे, पण कसं, ते ऐका. कॅटच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि मागे एक. पुढच्या सेन्सरवर मिश्रण सतत थोडं वर-खाली होताना दिसतं. कॅट निरोगी असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरची रेघ स्कॅनरवर ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सरळ राहते. कॅट मेला की मागची रेघ पुढच्यासारखीच नाचायला लागते, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पी०४२० हा कोड टाकतो. हा कोड टाळायला एक तर मागचा सेन्सर स्पेसर लावून वायूच्या वाटेतून बाहेर ओढतात, नाही तर मॅपमध्ये ती तपासणीच बंद करून टाकतात. दोन्हीत आजार तसाच, फक्त थर्मामीटर फोडलेला. मागचा सेन्सर मिश्रणाची बारीक दुरुस्तीही करतो, तीही त्याच्याबरोबर जाते. उद्या एखादा इंजेक्टर गळायला लागला तर तुम्हाला सर्वात आधी सांगणारा गेलेला असेल.

पीयूसीचं तर मला जास्त वाईट वाटतं. बीएस-४ (प्रदूषणाचं भारत स्टेज मानक) पासून पुढच्या पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. वर अडीच हजार आरपीएमला ०.२ टक्के. कॅट नसलेली गाडी सरळ चाचणीत बहुतेक वेळा कार्बन मोनॉक्साइडवर नापास होते. मग ‘बघून घेणं’ म्हणजे काय, तर मॅपमध्ये आयडल लीन करून ठेवायचं. लीन केल्यावर कार्बन मोनॉक्साइड खाली येतो खरा. पण नायट्रोजनचे ऑक्साइड पीयूसीत मोजलेच जात नाहीत, आणि ते पकडणारी वस्तू तुम्ही काढून टाकलेली असते. तेव्हा पीयूसीचा कागद मिळाला म्हणजे गाडी स्वच्छ, असं समजू नका. आणि दुसरं ‘बघून घेणं’ म्हणजे गाडी न आणता कागद काढणं. त्याबद्दल मला बोलायचंही नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाचे नियम मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने न कळवलेला बदल पाहिला तर दाव्यात अडचण, ती वेगळीच. रीमॅपही काटेकोरपणे बघितला तर बदलच आहे, हे मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सांगतो, तुम्हालाही सांगतोय.

बरं, आता पॉवर. तुमच्या गाडीला मी काय करेन?

सगळ्यात आधी सध्याचा कॅट चोंदलाय का ते बघेन, कारण पंचेचाळीस-पन्नास हजारांनंतर ‘गाडी पूर्वीसारखी ओढत नाही’ ही तक्रार घेऊनच लोक स्टेज टूकडे वळतात. तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढायचा. त्याचा आटा अठरा मिलिमीटरचा, त्यात तसाच अॅडॅप्टर बसवायचा आणि त्याला तांब्याची नळी दोन-तीन वेटोळी देऊन जोडायची. वेटोळी उष्णता खातात, नाही तर गेजचा रबरी पाइप वितळतो. नळीच्या टोकाला कमी दाबाचा गेज. गाडी गरम झाल्यावर आयडलला काटा सव्वा पीएसआयच्या (दाबाचं माप) आत हवा आणि जागेवर अडीच हजार आरपीएम धरून तीनच्या आत. त्यात असेल तर कॅट मोकळा आहे आणि तुमची पॉवर त्याने खाल्लेली नाही. काटा वर जात असेल तर कॅट बदलावा लागेल, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो का चोंदला ते शोधावं लागेल. थंड गाडीत कॅटवर रबरी हातोडीने हळूच ठोकून बघा. आत खडखड झाली तर वीट फुटलीय.

कॅट आपोआप क्वचितच मरतो. कॉइल कमजोर झाली, मिसफायर होऊ लागला की न जळलेलं पेट्रोल हवेसकट कॅटमध्ये जाऊन तिथे जळतं. हजार अंशांच्या आसपास लेपातले कण एकमेकांना चिकटून निकामी होऊ लागतात आणि आणखी तापलं तर सिरॅमिक वितळून भोकं बंद होतात. इंजिन ऑइल खात असेल तर त्यातला फॉस्फरस लेपावर बसतो. म्हणून मॅपच्या आधी नवे प्लग, कंपनीने सांगितलेल्या गॅपपेक्षा किंचित कमी गॅप ठेवून, आणि स्वस्तातल्या ऑइलच्या जागी चांगलं ऑइल, पण कंपनीच्या स्पेसिफिकेशनचंच.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. हल्ली मॅपबरोबर ‘पॉप्स अँड बँग्ज’ फुकट घालून देतात. पाय उचलला की मागून फटाक्यासारखे आवाज. ते आवाज येतात कसे? पाय उचलल्यावर बंद व्हायला हवं ते पेट्रोल चालू ठेवतात, टायमिंग इतकं मागे नेतात की जाळ सिलिंडरबाहेर, एक्झॉस्टमध्ये होतो. हा जाळ थेट टर्बाइनवर आणि कॅटवर. ओरिजिनल सिरॅमिकचा कॅट हे फार काळ सोसत नाही. वीट तडकते, तुकडे पुढे सरकून पाइप अडवतात, आणि मग ट्यूनर म्हणतो, ‘बघा, मी म्हणत होतो ना, कॅट काढायला हवा होता.’ तुमच्या मॅपमध्ये हे असेल तर काढून घ्या, पैसे द्यावे लागले तरी.

मग ओरिजिनल कॅटवर, ओरिजिनल पाइपवर नेमस्त मॅप. पॉवरपेक्षा मधल्या टॉर्कवर भर देणारा, पार्ट थ्रॉटलला लॅम्डा १ ला हात न लावणारा, मागचा सेन्सर चालू ठेवणारा. क्लचची आणि गिअरबॉक्सची कुवत पाहून टॉर्क वाढवायचा, कारण तीन सिलिंडरच्या या छोट्या इंजिनात दोन हजार आरपीएमला एकदम बूस्ट चढवला की पहिला बळी क्लचचा जातो. एवढ्यावर गाडी घाटात वेगळीच वाटेल. दहातल्या आठ मालकांचं समाधान इथेच होतं. ज्यांचं होत नाही त्यांना बहुतेक वेळा आवाज हवा असतो, पॉवर नको असते. आणि आवाज दाबणारा कॅट नसतो, मागचा मफलर असतो.

त्यापुढे जायचंच असेल तर हाय-फ्लो कॅटचा डाउनपाइप, पण बघून घ्या. बाजारात ‘२०० सेल’ (चौरस इंचात २०० भोकं) म्हणून विकली जाणारी बरीच डबडी म्हणजे धातूची नुसती जाळी असते, लेप नावापुरता. महिना-दोन महिने बरी, मग वास सुरू. चांगल्या कॅटला जाळीचा आकारही पुरेसा लागतो. दहा सेंटीमीटर व्यासाची आणि दहा लांबीची वीट म्हणजे ७८५ सीसी. एक लिटरच्या इंजिनाला ते ठीक आहे, पाच सेंटीमीटर लांबीची चकती नाही. आणि तो टर्बोपासून वीतभर अंतरावर हवा. सीटखाली नेऊन बसवला तर सकाळी तापायला वेळ घेईल, आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत सगळ्यात जास्त धूर नेमका त्याच वेळात निघतो. हा पाइप लावल्यावर मॅप पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. नाही तर मागचा अडथळा कमी झाल्याने टर्बो ठरल्यापेक्षा जास्त फिरतो, बूस्ट वर उसळतो आणि पी०२३४ हा जादा बूस्टचा कोड टाकून गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे इंजिन वाचवायला स्वतःची पॉवर कापते. सगळं नीट केलं तरी हा कॅट कंपनीच्या ४००-६०० सेलवाल्याइतकी सफाई करत नाही, आणि आपल्याकडे तो कायदेशीरदृष्ट्या मान्य भाग होत नाही. पुण्यातच एआरएआय या वाहन तपासणी संस्थेत गाडी ज्या कॅटसकट प्रमाणित होते तोच तिचा खरा कॅट. म्हणून मी स्वतःहून याची शिफारस करत नाही, विचारलंत म्हणून सांगितलं.

कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर पळवायला ट्रेलरवरून नेण्याची वेगळी गाडी असेल, तर तो वेगळा विषय. तुमची गाडी मुलांना शाळेत सोडते, असं तुम्हीच लिहिलंय.

तेव्हा आधी गेज लावून घ्या आणि आयडलचा नि अडीच हजारांचा असे दोन आकडे मला कळवा. गेज कोल्हापुरात कोणाकडे मिळाला नाही तर पुण्याला या, पण आदल्या रात्री गाडी इथेच लावा. थंड इंजिनाचा पहिला एक मिनिट अॅनालायझरवर कसा दिसतो आणि कॅट तापला की आकडे कसे धडाधड खाली येतात, ते मला तुम्हाला मीटरसमोर उभं करून दाखवायचंय. शटर पूर्ण वर असेल.